नाव नसलेले द्रव : लुईव्हिलचे सांडपाणी केंद्र आणि १९७७ चे निळे धुके

१/
मार्च १९७७. अमेरिकेच्या केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठी वसलेल्या लुईव्हिल शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात एक अनोळखी वास येऊ लागला. मैलापाण्याच्या संगतीत वर्षे काढलेल्या माणसांना दुर्गंधीचे काही वाटत नाही; हा वास मात्र त्यांच्या ओळखीचा नव्हता. डोळे चुरचुरत, घसा खवखवे, डोके दुखू लागे. येणाऱ्या पाण्यात काय मिसळले आहे, हे केंद्रातील कोणालाही सांगता येत नव्हते. महिना संपण्यापूर्वी ते सबंध केंद्र बंद करावे लागले. त्या बंद पडण्याची, आणि त्यातून हळूहळू घडत गेलेल्या कायद्यांची ही हकीकत.

२/
आधी या केंद्राचे काम समजून घ्यायला हवे. आज मॉरिस फोरमन या नावाने ओळखले जाणारे हे केंद्र १९५८ मध्ये सुरू झाले. शहरभरच्या मैलवाहिन्या तेथे येऊन मिळतात. पाणी प्रथम लोखंडी गजांच्या जाळीतून जाते. चिंध्या, काठ्या, कचरा तेथे अडतो. पुढच्या टाकीत वाळू आणि खडे तळाशी बसतात. त्यानंतर पाणी संथ करून गाळ निवळवला जातो आणि उरलेली घाण जिवाणूंकडून खाववली जाते. जाळी साफ करणे, रेती काढणे, यंत्रे चालू ठेवणे ही कामे माणसांचीच. पाण्याच्या सर्वांत जवळ उभा राहणारा माणूस म्हणजे जाळीवरचा कामगार.

३/
या सगळ्या रचनेमागे एक गृहीत होते : येणारे पाणी मुख्यतः घरांतले असेल. मैलापाण्याचे धोके जुनेच होते, जंतुसंसर्ग, कुजण्यातून निघणारा विषारी वायू, खोल टाकीत पडण्याची भीती. त्यांच्याशी कसे वागायचे हे कामगार एकमेकांना शिकवीत आले होते. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याच नळांतून कारखान्यांचे पाणीही येऊ लागले. त्यात काय असेल हे कारखान्याला ठाऊक असे, फार तर नगर-प्रशासनाला थोडेफार. जाळीवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ती माहिती पोहोचवण्याची व्यवस्था कोणी केलेली नव्हती.

४/
लुईव्हिलच्या पाण्यात जे आले होते त्याचे नाव हेक्साक्लोरोसायक्लोपेंटाडाईन. कारखान्यांच्या बोलीत ‘हेक्स’. पाच कार्बन आणि सहा क्लोरीन अणूंचा हा रेणू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कीटकनाशक उद्योगाचा पाया होता. क्लोरडेन, हेप्टाक्लोर, आल्ड्रिन, डायल्ड्रिन, एंड्रिन, मायरेक्स, केपोन ही सारी भावंडे याच एका मूळ द्रवापासून तयार होत. शेतातल्या किडीपासून घराच्या पायातल्या वाळवीपर्यंत सर्वांवर हीच औषधे फवारली जात. शेतकऱ्याला डबा दिसे, गृहस्थाला वाळवी मेलेली दिसे. हेक्स मात्र कारखान्याच्या भिंतीआडच राही, आणि त्यापासून उरलेले टाकाऊही.

५/
हेक्सचा स्वभाव लक्षात घेतला तर पुढचा सगळा प्रसंग उलगडतो. तो पिवळसर, उग्र वासाचा द्रव आहे. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा सुमारे १.७ पट जड असल्यामुळे तळाशी जाऊन गाळाला चिकटतो. उकळबिंदू सुमारे २३९ अंश सेल्सिअस, म्हणजे साध्या तापमानाला तो बेताचाच उडतो. परंतु जेवढा उडतो तेवढाही पुष्कळ होतो. डोळे, त्वचा आणि श्वासनलिका यांचा तो तीव्र दाह करतो. कामाच्या जागी हवेत त्याची शिफारस केलेली मर्यादा अब्जात दहा भाग इतकी होती. बहुतेकांना त्याचा वास जाणवतो तोवर ही मर्यादा ओलांडलेली असते.

६/
काळही महत्त्वाचा आहे. रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या क्लोरीनयुक्त कीटकनाशकांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. अमेरिकेत १९७४ मध्ये आल्ड्रिन आणि डायल्ड्रिन यांवर, १९७५ मध्ये क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर यांच्या बहुतेक वापरांवर बडगा आला. चर्चा पक्ष्यांची झाली, माशांची झाली, अन्नातल्या अंशांची झाली. या औषधांच्या निर्मितीत उरणारे द्रव कोठे जाते, आणि ते जेथे जाते तेथे कोण काम करतो, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही.

७/
इशारा मिळालेला होता. व्हर्जिनियातील होपवेल या गावी १९७४ मध्ये एका छोट्या कारखान्याने हेक्सपासून केपोन बनवण्यास सुरुवात केली. त्याचे सांडपाणी गावाच्या मैलवाहिनीत जाऊ लागले आणि थोड्याच काळात गावाच्या केंद्रातील गाळ पचवणारे जिवाणू मरून गेले. जिवाणू मेले, तरी कारखाना चालूच राहिला. १९७५ च्या उन्हाळ्यात कामगारांच्या हातापायांना थरथर सुटलेली एका डॉक्टरने ओळखली, रक्ताचे नमुने संघराज्याच्या प्रयोगशाळेत गेले, आणि मगच टाळे लागले. प्रक्रिया केंद्रातील मेलेले जिवाणू वर्षभर आधीच साक्ष देत होते. ती साक्ष कोणी नोंदवली नाही.

८/
आता पुन्हा लुईव्हिल. मार्चच्या उत्तरार्धात वासाबरोबर एक चिकट पदार्थही आला. जाळीच्या गजांवर तो थर धरून बसला, रेतीच्या टाकीतील यंत्रे त्याने माखली, साखळ्या आणि दाते जाम होऊ लागले. केंद्रातील माणसांच्या दृष्टीने ही नेहमीची अडचण होती. तेल, चरबी, डांबरासारखे काहीबाही शहराच्या पाण्यातून येतच असते, आणि ते काढण्याचा उपायही ठरलेला असतो. गरम वाफेचा झोत मारायचा, चिकटा सैल करायचा आणि धुऊन टाकायचा. कामगारांनी तेच केले. नेमके तेच करायला नको होते. पण ते सांगणारे कोणी नव्हते.

९/
वाफ त्या थरावर पडताच एक निळसर धुके उठले. ते जाळीच्या खोलीत भरले आणि प्राथमिक प्रक्रियेच्या साऱ्या भागात पसरले. डोळ्यांची आग, छातीत जळजळ, खोकल्याची उबळ. सुमारे वीस कामगारांना श्वासनलिकेच्या दाहासाठी डॉक्टरांकडे जावे लागले. तोपर्यंत पाण्याच्या तळाशी दडून बसलेला द्रव वाफेच्या सोबतीने हवेत आला होता. एरवी २३९ अंशांना उकळणारे, पाण्यात न मिसळणारे पदार्थ पाण्याच्या वाफेबरोबर शंभर अंशांच्या आतच उडून जातात. अत्तर काढणारे फुलांतून सुगंधी तेल मिळवतात ते याच तत्त्वाने.

१०/
या प्रसंगातला सर्वांत बोचणारा धडा येथेच आहे. द्रव घातक टाकाऊवर प्रक्रिया करताना धोका बहुधा प्रक्रियेच्या कृतीतूनच उद्भवतो. ढवळले की वायू सुटतो, तापवले की वाफ होते, आम्ल घातले की दुसरेच काही तयार होते. पदार्थाचे नाव ठाऊक असेल तर ही प्रत्येक कृती विचारपूर्वक करता येते. नाव ठाऊक नसेल तर नेहमीची, इमानेइतबारे केलेली सफाईसुद्धा विषप्रयोग ठरते. लुईव्हिलच्या कामगारांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी आपले काम चोख केले, आणि त्या चोखपणाचीच त्यांना बाधा झाली.

११/
२९ मार्च १९७७ रोजी पदार्थाची ओळख पटली आणि केंद्र बंद करण्यात आले. त्या निर्णयात एक विलक्षण पेच होता. शहराचे सांडपाणी थांबवता येत नाही. केंद्र बंद म्हणजे दररोज सुमारे दहा कोटी गॅलन, म्हणजे अंदाजे अडतीस कोटी लिटर, प्रक्रिया न केलेले मैलापाणी थेट ओहायो नदीत. त्याच नदीचे पाणी खालच्या अंगाची इव्हान्सव्हिलसारखी शहरे पितात. नदी वाचवायची तर माणसांना त्या हवेत उभे करावे लागले असते; माणसे वाचवायची तर नदी सोडून द्यावी लागत होती. या वेळी माणसांना बाहेर काढले गेले, आणि नदीने सुमारे तीन महिने शहराची घाण वाहिली.

१२/
मग वैद्यकीय तपास सुरू झाला. संघराज्याचे रोगनियंत्रण केंद्र आणि १९७० च्या कामगार सुरक्षा कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्था यांची पथके आली. केंद्रातील १९३ कामगारांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली. डोळ्यांचा दाह ५९ टक्क्यांना, डोकेदुखी ४५ टक्क्यांना, घशाची जळजळ २७ टक्क्यांना. लक्षणे साऱ्या केंद्रात आढळली, तरी सर्वाधिक प्रमाण प्राथमिक प्रक्रियेच्या भागात काम करणाऱ्यांत होते. पाणी जेथे प्रथम येते, आणि चिकटा जेथे साचला होता, तेथेच. आजाराचा नकाशा पाण्याच्या वाटेवर तंतोतंत बसत होता.

१३/
हवेच्या मोजणीने उरलेली शंका मिटवली. केंद्र बंद होऊन चार दिवस झाल्यावरही प्राथमिक प्रक्रियेच्या भागातील हवेत हेक्सचे प्रमाण अब्जात २७० ते ९७० भाग इतके होते. शिफारस केलेली मर्यादा दहा. म्हणजे सत्तावीस ते सत्त्याण्णव पट, तेही काम थांबल्यानंतर. सांडपाण्यात तर हे प्रमाण दशलक्षात एक हजार भागांपर्यंत पोहोचले होते. वाफेचा झोत चालू असताना त्या खोलीत काय होते, याचा अंदाज या आकड्यांवरून करता येतो. त्या दिवशी तेथे हवा मोजणारे यंत्र नव्हते. कामगारांचे डोळे आणि फुप्फुसे एवढीच काय ती मोजमापे.

१४/
बहुतेकांची लक्षणे ओसरली. काहींची डोकेदुखी, थकवा आणि छातीतली अस्वस्थता सहा आठवड्यांनंतरही टिकून होती. या अभ्यासाचा वृत्तांत १९७९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखकांमध्ये फिलिप लँड्रिगन हे पुढे पर्यावरणीय आरोग्याच्या क्षेत्रात नावाजलेले वैद्य होते. लेखाच्या शीर्षकातच एक प्रश्न होता : सांडपाणी कितपत सुरक्षित आहे? त्या वेळेपर्यंत हा प्रश्न पटकी आणि विषमज्वराच्या संदर्भात विचारला जाई. आता तो रसायनशास्त्राच्या भाषेत विचारला जात होता, आणि नदीकाठच्या नागरिकाऐवजी केंद्रातील नोकराच्या वतीने.

१५/
बंद केंद्राची सफाई हा स्वतंत्र अध्याय होता. जाळ्या, टाक्या आणि वरच्या बाजूच्या मैलवाहिन्यांचा काही भाग यांत टनावारी दूषित गाळ अडकलेला होता. तो काढणारेही कामगारच. फरक इतकाच की आता पदार्थाचे नाव ठाऊक होते. त्यामुळे अंगभर संरक्षक पोशाख, श्वसनयंत्रे आणि हवेची मोजणी यांची सोय झाली. आधी उघड्या नाकाने जे काम केले गेले होते, तेच आता मुखवटे घालून करावे लागले. जूनच्या मध्यापर्यंत प्रक्रिया पुन्हा सुरू झाली. नाव कळण्याआधी आणि नंतर एकाच जागी, एकाच कामाची सुरक्षा किती बदलली, हे या तीन महिन्यांत दिसून आले.

१६/
ते द्रव आले कोठून? लुईव्हिलमध्ये हेक्सचे असे उत्पादन होत नव्हते. तपासनीसांनी एकेका मॅनहोलमधून नमुने घेत मैलवाहिन्यांची उलटी वाट धरली. प्रमाण जेथे वाढत जाईल त्या शाखेकडे वळायचे. मग गॅस क्रोमॅटोग्राफी या पद्धतीने नमुन्यांतील संयुगांची ठेवण तपासली गेली. बोटांच्या ठशाप्रमाणे प्रत्येक कारखान्याच्या टाकाऊची घटकद्रव्ये आणि त्यांची प्रमाणे वेगळी असतात. ठसा जुळला तो टेनेसी राज्यातील मेम्फिसच्या एका कीटकनाशक कारखान्याशी. तेथले टाकाऊ विल्हेवाटीसाठी कंत्राटाने बाहेर दिले जात होते, आणि ते केंटकी लिक्विड रीसायकलिंग नावाच्या कंपनीच्या हाती आले होते.

१७/
कंपनीच्या नावात पुनर्वापर होता. प्रत्यक्षात द्रव शहराच्या मैलवाहिनीत ओतले गेले. कंपनीच्या अध्यक्षावर जलप्रदूषण नियंत्रण कायद्याखाली खटला चालला. बचावपक्षाने रासायनिक ठशाच्या पुराव्यालाच आव्हान दिले. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध डिस्लर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात संघराज्याच्या सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९८१ मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला आणि दोषसिद्धी कायम केली. शिक्षा दोन वर्षांचा कारावास आणि पन्नास हजार डॉलर दंड. कायदा पाण्याच्या दूषणाचा होता. कामगारांच्या डोळ्यांचा आणि छातीचा उल्लेख त्या कलमांत कोठेही नव्हता.

१८/
असे कोणी का करील? उत्तर पैशात आहे. घातक द्रव जाळून किंवा निर्धोक करून संपवणे महाग पडते; मॅनहोलचे झाकण उचलायला काही लागत नाही. कायदा नव्हता असे नाही. घातक टाकाऊवर ‘जन्मापासून मरणापर्यंत’ लक्ष ठेवणारा अधिनियम ऑक्टोबर १९७६ मध्येच संमत झाला होता. टाकाऊ निर्माण करणारा, वाहून नेणारा आणि अखेर स्वीकारणारा या तिघांच्या सह्यांचे पत्रक मालाबरोबर फिरले पाहिजे, अशी त्याची कल्पना. परंतु त्याखालचे नियम अमलात आले नोव्हेंबर १९८० मध्ये. लुईव्हिलची घटना बरोबर या चार वर्षांच्या फटीत घडली.

१९/
त्याच फटीत आणखी एक जीव गेला. जुलै १९७८ मध्ये लुइझियाना राज्यातील बायू सोरेल येथे एकोणीस वर्षांचा टँकरचालक एका उघड्या खड्ड्यात औद्योगिक द्रव रिकामे करीत होता. त्याच्या टँकरमधील द्रवाचा खड्ड्यातल्या दुसऱ्या टाकाऊशी संयोग झाला आणि हायड्रोजन सल्फाइड वायू उसळला. तो तेथेच मरण पावला. गंधकयुक्त क्षार आम्लाला भेटला की हा वायू तयार होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत कुजक्या अंड्याचा वास देणारा तोच. प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रिय बधिर करतो, वास थांबतो, आणि धोका टळला असे वाटत असतानाच माणूस कोसळतो.

२०/
मेम्फिसकडेही वळून पाहायला हवे. तेथील कीटकनाशक कारखान्याचे सांडपाणी शहराच्या उत्तर प्रक्रिया केंद्रात रीतसर जात असे; येथे रात्रीचा टँकर नव्हता, चोरी नव्हती. १९७८ मध्ये तेथल्या कामगारांनीही डोळ्यांच्या आणि घशाच्या तक्रारी मांडल्या. सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या मूत्राचे नमुने तपासले. दुसऱ्या, अशा टाकाऊचा संबंध नसलेल्या केंद्रातील कामगारांच्या तुलनेत यांच्या मूत्रात कीटकनाशक-निर्मितीतील संयुगे अधिक आढळली. लुईव्हिलचे पाप एका गुन्हेगाराच्या माथी मारता आले. मेम्फिसने दाखवले की परवाना असलेल्या नळातूनही तेच विष माणसाच्या शरीरात पोहोचते.

२१/
दरम्यान केंटकीतील दडवलेले टाकाऊ एकेक करून उघडे पडत होते. १९७९ मध्ये लुईव्हिलच्या दक्षिणेला बुलिट परगण्यात ‘पिंपांची दरी’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या जागेवर सतरा हजारांहून अधिक पिंपे मोजली गेली. लुईव्हिल प्रकरणातील आरोपीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन जागा, एक शेत आणि एक वीटभट्टी, गळक्या पिंपांसह सापडल्या. न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉलच्या कहाणीने देश आधीच हादरला होता. डिसेंबर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ‘सुपरफंड’ कायद्यावर सही केली. १९८३ च्या पहिल्या राष्ट्रीय यादीत केंटकीच्या या तिन्ही जागा होत्या.

२२/
लुईव्हिलच्या नशिबी आणखी एक धक्का होता. १३ फेब्रुवारी १९८१ ची पहाट. सोयाबीनचे तेल काढणाऱ्या एका कारखान्यातून हेक्सेन हे ज्वालाग्राही द्रव मैलवाहिनीत गेले होते. त्याची वाफ रस्त्याखाली साचली. वरून जाणाऱ्या मोटारीच्या ठिणगीने स्फोट झाला आणि शहराचे तीनेक किलोमीटरचे रस्ते फाटले. मॅनहोलची झाकणे उडाली, जागोजागी खड्डे पडले. रहदारी सुरू होण्यापूर्वीची वेळ असल्याने मोठी जीवितहानी टळली. चार वर्षांपूर्वी जे केंद्रातल्या माणसांनी सोसले होते, ते आता शहराने रस्त्यावर पाहिले : मैलवाहिनीत काय सोडले जाते हा साऱ्या नगराचा प्रश्न आहे.

२३/
कायदा कामगारापर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागला. १९८६ च्या सुपरफंड दुरुस्तीने कामगार सुरक्षा प्रशासनाला नियम करण्याची आज्ञा दिली, आणि मार्च १९८९ मध्ये घातक टाकाऊच्या कामाविषयीचे सविस्तर मानक प्रसिद्ध झाले. दूषित जागांवर सफाई करणाऱ्याला चाळीस तासांचे प्रशिक्षण, प्रक्रिया-केंद्रांतील कामगाराला चोवीस तासांचे; वैद्यकीय तपासण्या, हवेची मोजणी, धोक्याच्या पातळीनुसार संरक्षक पोशाख, आणीबाणीची लेखी योजना. काम सुरू करण्यापूर्वी समोर काय आहे ते ओळखा, ही या मानकाची पहिली मागणी. बारा वर्षांपूर्वी लुईव्हिलच्या जाळीवर हीच एक गोष्ट उणी होती.

२४/
एक फट मात्र उरली होती. घरगुती मैलापाण्यात मिसळून केंद्रात जाणारे औद्योगिक टाकाऊ कायद्याच्या व्याख्येत ‘घातक टाकाऊ’ ठरतच नसे. जुलै १९९० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने मैलवाहिनीत काय सोडू नये याचे नियम सुधारले. केंद्रातील कामगारांना तत्काळ बाधा होईल इतके विषारी वायू, वाफा किंवा धूर निर्माण करणारे द्रव सोडण्यास मनाई झाली. टँकरने आणलेले प्रदूषक ठरवून दिलेल्या जागेखेरीज ओतण्यास बंदी आली. साठ अंश सेल्सिअसखाली पेट घेणाऱ्या द्रवांना प्रतिबंध झाला. पहिल्या दोन कलमांत १९७७ चे लुईव्हिल दिसते, तिसऱ्यात १९८१ चे.

२५/
ही कहाणी परक्या देशाची म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे उल्हासनगरला वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रासायनिक टाकाऊ ओतले गेले आणि शेकडो रहिवाशांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावे लागले. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत नाल्यात द्रव सोडले जात असताना वायू उसळला. जवळच्या गिरणीतील सहा कामगार मरण पावले. त्या टाकाऊचा माग महाराष्ट्रातील तळोजा औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचला. भारतात घातक टाकाऊविषयी नियम १९८९ पासून आहेत, आणि २०१६ च्या नियमांत वाहतुकीबरोबर पत्रक बंधनकारक आहे.

२६/
कागद आहे, तरी टँकर रात्रीच निघतो. लुईव्हिलचा इतिहास म्हणूनच एखाद्या जुन्या अपघाताची नोंद म्हणून वाचून संपत नाही. तेथे विष बनवणारा कारखाना दुसऱ्या राज्यात होता, ते विकून मिळालेला नफा तिसरीकडे गेला, टाकाऊ ओतणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक होते. ज्यांना ते ठाऊक नव्हते, ते महिन्याच्या पगारावर शहराची घाण उपसणारे १९३ जण मात्र ते श्वासावाटे घेत राहिले. वाफेचा नळ हाती घेतलेल्या त्या कामगाराला समोरच्या चिकट थराचे नाव कोणी सांगितले असते, तर त्याने नळ उघडलाच नसता.